सहावा बोलत नव्हता

१

तक्रार आली ती फोटोच्या रूपात. पाठवणाऱ्याने खाली नाव लिहिलं नव्हतं, फक्त एवढंच: "सेमीफायनलच्या वेळचा आहे. बघा आणि ठरवा."

ऑनलाइन गेमच्या लीगचं ऑफिस दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत लीग चालवणाऱ्या भाच्याने तो फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला आणि डोक्याला हात लावून बसला.

"मावशी, बघ गं. आता माझं काय होणार ते सांग."

मावशीने चष्मा पुसला. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढून ती निवृत्त झाली होती. नवरा गेल्यावर घर खायला उठायला लागलं, तेव्हा भाच्याने तिला लीगच्या तक्रारी बघायला बोलावलं. ऑफिसात सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. गेम तिला खेळता येत नसे, पण खोटं बोलताना माणसाचा आवाज कुठे बारीक होतो, ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेम पाच विरुद्ध पाच असा होता. प्रत्येकजण आपापल्या घरी बसून खेळायचा आणि हेडफोनवरून एकमेकांना आवाज द्यायचा: इकडे ये, तिकडे शत्रू आहे, मागे फिर. लीगचा नियम एकच, पण कडक. सामना चालू असताना बोलायचं ते गेमच्या स्वतःच्या लाइनवरूनच. त्या लाइनवर पाचच जण बसू शकत आणि लीगला ती ऐकता येई. बाहेरचं कुठलं बोलण्याचं ॲप चालायचं नाही. तिथे कोण बसलंय, देव जाणे. सामना नेटवर सगळ्यांना दिसायचा, दोन्ही बाजूंसकट. एखादा प्रेक्षक अशा ॲपवर बसून समोरच्यांचा ठावठिकाणा सांगायला लागला, तर खेळ कसला आणि हार-जीत कसली!

फोटोत नेमकं तेच होतं. बाहेरच्या एका ॲपवरची खोली, रविवारी फायनल खेळणार असलेल्या टीमची. पाच खेळाडूंची पाच नावं. आणि खाली सहावं. नाव कसलं, नुसतं एक टिंब.

टिंबाच्या नावावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या.

"डावीकडे दोघं आहेत, डावीकडे."

"सासरा दारातच उभा आहे, आत कसं जायचं?"

"पहिली ओळ म्हणजे सरळ खबर," भाचा म्हणाला. "आणि दुसरी सांकेतिक भाषा. सासरा म्हणजे कोण, ते शोधून काढलं पाहिजे."

बाईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. भाच्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"गुरुवारपर्यंत निकाल द्यायचाय. सहावा माणूस खबऱ्या निघाला तर पाचही जण दोन वर्षं बाहेर. आणि एक अजून सांगू? त्या दिवशीचं गेमच्या लाइनवरचं रेकॉर्डिंग मी आत्ता काढलं. या टीमकडून पूर्ण सामनाभर एक शब्द नाही. पाच माणसं मुक्यासारखी खेळली आणि जिंकली. आमच्या पंचाच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही."

२

संशय घ्यायला जागा भरपूर होती. टीमचा जुना प्रशिक्षक, ज्याला सगळे गुरुजी म्हणत, दोन महिन्यांपूर्वी भांडून गेला होता. तो एका शाळेत खेळ शिकवायचा. बाई मधल्या सुट्टीत त्याला मैदानावर गाठून बोलली.

"मी?" गुरुजी शिट्टी बोटाभोवती गुंडाळत म्हणाला. "मी त्या ॲपवर बसायला तयार असतो तर टीम सोडलीच नसती, बाई. भांडण त्यावरूनच झालं ना! कप्तान एक दिवस म्हणाला, आजपासून आपण बाहेरच्या ॲपवर बोलायचं, सामन्यातसुद्धा. मी म्हटलं, नियम मोडून जिंकलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही. का, ते विचारलं, तर गप्प. मी निघालो."

"तक्रार तुम्ही केलीत?"

"करायची असती तर दोन महिने थांबलो असतो? आणि माझी पोरं आहेत हो ती." त्याचा आवाज कुठे बारीक झाला नाही. उलट शेवटच्या वाक्याला भरून आला.

कप्तान औषधाच्या दुकानात कामाला होता. काउंटरमागे उभा राहून तो एका आजोबांना कुठली गोळी कधी घ्यायची ते पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून देत होता. आजोबा गेल्यावर त्याने बाईला आत स्टुलावर बसवलं.

"बाहेरचं ॲप वापरलं, हे कबूल?"

"कबूल."

"का?"

"गेमच्या लाइनवर आवाज तुटतो."

इथे आवाज बारीक झाला.

"सहावा कोण?"

"ते नाही सांगणार."

"दोन वर्षं बंदी येईल. तुझ्या चौघांवरही."

कप्तानाने समोरची बाटली उचलली, लेबल वाचल्यासारखं केलं आणि पुन्हा ठेवली. "माहितीये. चौघांपैकी तिघांच्या शिव्या खाऊन झाल्या. पण सहाव्याने आम्हाला एक अक्षर खबर दिली नाही, बाई. माझ्या मुलीची शपथ."

"शपथेवर लीग चालत नाही, बाळा."

मग खिशातून एक पेनड्राइव्ह काढून त्याने तिच्या हातावर ठेवला. "सरावासाठी आम्ही स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करतो. सेमीफायनलचं सगळं आहे यात. लिहिलेलं मात्र सामना संपला की पुसून टाकायचो. तुम्ही ऐका. तुमचे कान चांगले आहेत म्हणतात."

"आणि ऐकून मला कळलं तर?"

"तर तुम्हाला कळेल," कप्तान म्हणाला, "पण मी सांगितलं असं होणार नाही."

३

बाईने दुपारभर दार लावून ते रेकॉर्डिंग ऐकलं. एकदा नाही, चारदा.

पहिल्या खेपेला नुसता गलका. दुसऱ्या खेपेला पाच आवाज वेगळे झाले. पाचच. सहावा एकदाही बोलत नव्हता.

तिसऱ्या खेपेला तिने फोटो शेजारी ठेवला. अठराव्या मिनिटाला कप्तान ओरडला: "डावीकडे दोघं आहेत, डावीकडे!" मग कुणीतरी चरफडत म्हणालं: "सासरा दारातच उभा आहे, आत कसं जायचं?" आणि सगळे हसले. दारातल्या शत्रूला सासरा म्हणणारा तो, नुकतंच लग्न ठरलेला त्यांच्यातला एकजण होता. एवढीच ती सांकेतिक भाषा.

म्हणजे टिंबाने लिहिलेलं आधी कुणाच्या तरी तोंडून आलेलं होतं. शब्दाला शब्द. 'डावीकडे' दोनदा म्हटलेलं दोनदाच लिहिलेलं. खबऱ्या शब्द वाचवतो, आणि विनोद तर तो मुळीच लिहीत नाही. हे लिहिणाऱ्याला काय महत्त्वाचं, काय नाही, हे ठरवायची सवयच नव्हती. जे कानावर पडेल ते उतरवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

पण पाचही जण एकमेकांना ऐकत असताना तेच पुन्हा लिहून कुणाला दाखवायचं?

चौथ्या खेपेला तिला उत्तराची शेपटी सापडली. टीममधला सगळ्यात नावाजलेला खेळाडू होता ससा. गेममध्ये शत्रूची पावलं कुणाच्याही आधी त्याला ऐकू यायची, म्हणून हे नाव पडलेलं. कप्तानाने हाक दिली की बाकीचे तिघे तिथल्या तिथे "हो" म्हणत. ससा मात्र थांबे. एक... दोन... आणि मग "हो". दर वेळी तेवढाच उशीर.

आणि आणखी एक. सशाच्या माइकमधून कप्तानाचा आवाज पुसटसा परत येत होता. एक्स्चेंजमध्ये हे तिने हजारदा ऐकलं होतं. पलीकडच्या माणसाने आवाज फार मोठा ठेवला की तो रिसिव्हरच्या कानातून सांडतो आणि तोंडावाटे परत लाइनवर येतो. सशाने हेडफोनचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवून ठेवला होता. आणि तरीही त्याला उशीर होत होता.

बाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिने भाच्याला हाक मारली. "उद्या सशाला बोलाव."

४

ससा चोविशीचा, सडपातळ. एकटा आला नाही, मोठी बहीण बरोबर होती. तिला बाईने बाहेरच्या खोलीत बसवलं. मधली भिंत काचेची होती.

ससा समोर बसला आणि बाईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागला. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. प्रश्नांची उत्तरं त्याने नीट दिली. किती वर्षं खेळतोस? सहा. दिवसभर काय करतोस? एका छापखान्यात पानं लावतो. सहावा कोण? माहीत नाही.

"बरं," बाई म्हणाली. उठून कपाटाकडे गेली, त्याच्याकडे पाठ केली आणि फाइल शोधता शोधता त्याच सुरात विचारलं, "गुरुजी टीम सोडून का गेले रे?"

उत्तर नाही.

ती वळली. ससा हसत बसला होता. अदबीने, जरासा पुढे वाकून, पुढचा प्रश्न येण्याची वाट बघत.

ते हसू बाईच्या ओळखीचं होतं. नवऱ्याच्या शेवटच्या दोन वर्षांत ते रोज तिच्यासमोर असायचं. हाक मारली की ओ नाही, विचारलं एक की सांगायचा दुसरंच. "मुद्दाम करता तुम्ही, मला छळायला," असं ती किती वेळा खेकसली होती, त्याची गणती नाही. तो नुसता हसायचा. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. एकतीस वर्षं परक्यांचे बारीक आवाज टिपणाऱ्या बाईला घरातल्या माणसाचं बहिरेपण कळलं नव्हतं.

ती खुर्चीत बसली. बोलायला लागण्याआधी तिने चेहरा त्याच्यासमोर नीट आणला.

"जा तू. झालं माझं."

त्याला दारापर्यंत पोचवताना तिची नजर काचेपलीकडे गेली. बाहेर भाचा फोनवर कुणाला तरी मोठमोठ्याने पत्त्याच्या खुणा सांगत होता. बहीण खाली मान घालून बसली होती. मांडीवरच्या पर्सवर तिची बोटं हलत होती, भराभर, मुंगीच्या पायांसारखी. भाचा श्वास घ्यायला थांबला, बोटं थांबली. तो बोलायला लागला, बोटं पुन्हा चालू.

"तुम्ही कुठे काम करता हो?" बाईने सहज विचारलं.

बहिणीने बोटं मुठीत घेतली. "कोर्टात. साक्षी उतरवून घेते."

जे कानावर पडेल ते उतरवायचं. बाईला सहावा सापडला होता. पण भावंडं जिना उतरून गेल्यावर ती पुन्हा फोटोसमोर बसली, कारण एक गाठ अजून सुटत नव्हती. हा फोटो काढला कुणी?

सगळे वरची नावं बघत होते. बाईने या वेळी सगळ्यात खालचा काठ बघितला. तिथे लिहायची पट्टी होती, आणि तिच्यात पाठवायच्या आधीच अर्धवट राहिलेले शब्द.

"मागे फि"

लिहून पाठवलेलं सगळ्यांना दिसतं. अर्धवट राहिलेलं फक्त लिहिणाऱ्याला.

म्हणजे टिंबाची तक्रार टिंबानेच केली होती.

५

कोर्टाच्या मागच्या बाजूला टंकलेखकांची खोली होती. जेवणाच्या सुट्टीत तिथे बहीण एकटीच होती. बाईने दारातूनच फोटो दाखवला आणि खालच्या काठावर बोट ठेवलं.

बहिणीने बराच वेळ ते अर्धवट अक्षर बघितलं. मग म्हणाली, "नोकरीत अकरा वर्षं झाली. मी अर्धवट सोडलेला हा एकच शब्द."

"बसू का?"

"बसा ना."

"दीड वर्ष झालं," ती सांगायला लागली. "कानाची नस मरतेय त्याच्या. अडीच महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले, मोठे आवाज टाळले तर उरलंसुरलं दहा वर्षंसुद्धा टिकेल. नाही टाळले तर वर्षभरात सगळं जाईल. मी म्हटलं, खेळ सोड. तो दोन दिवस जेवला नाही. घरात आम्ही दोघंच, आईबाबा नाहीत. मग मीच तोडगा काढला. शेजारच्या खोलीत बसून मी सगळ्यांचं बोलणं टाइप करीन, तू वाचून खेळ. पण हेडफोनचा आवाज अगदी कमी ठेवायचा. गेमच्या लाइनवर हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बाहेरचं ॲप. कप्तानाला त्याने पाया पडून गप्प बसवलं. बाकीच्या तिघांना सांगितलं, सहावी जागा रेकॉर्डिंगची आहे."

"आणि आवाज कमी ठेवला नाही त्याने."

"मला वचन दिलं होतं, बाई. सेमीफायनलला मधलं दार जरासं उघडं राहिलं. मी माझा हेडफोन सरळ करायला काढला, आणि दुसऱ्या खोलीतून मला त्याच्या हेडफोनमधली बंदूक ऐकू आली. भिंतीपलीकडून! त्याच्या कानात काय होत असेल? माझी बोटं थांबली. कप्तान ओरडला होता 'मागे फिर', आणि ते मी पूर्ण केलंच नाही. तो गेममध्ये मेला त्या डावाला. मी फोटो काढला."

"त्याला सांगून बघायचंत."

"सांगितलं. रात्रंदिवस सांगितलं. तो म्हणाला, ताई, असंही जाणारच आहे, तर पावलं ऐकता ऐकता जाऊ दे." ती उठून खिडकीशी गेली. "फायनल झाली असती, मग पुढची स्पर्धा, मग त्याच्या पुढची. त्याला मी थांबवू शकत नव्हते. तुम्ही थांबवू शकत होतात."

नवऱ्यासाठी बाईने काय केलं होतं? या मुलीने निदान काहीतरी केलं होतं. ते बरोबर की चूक, हे ठरवायला आपण कोण, असं तिला वाटलं. आणि ठरवायचं तर तिलाच होतं.

६

गुरुवारी तिने भाच्याला सगळं सांगितलं. खबर दिली नाही, एक शब्दही बाहेरून आला नाही, हे फोटो आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवून दाखवलं. तक्रार कुणी केली, ते मात्र अहवालात लिहिलं नाही.

भाचा मात्र नियमावरून हलला नाही. "मावशी, नियम मोडला तो मोडलाच. आज मी सोडलं, तर उद्या प्रत्येकाच्या शेजारच्या खोलीत एक बहीण बसेल. आणि ती प्रत्येक वेळी बहीणच असेल असं नाही."

"खरंय," बाई म्हणाली. "बाहेरचं ॲप नकोच. पण मग ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी आपल्या लाइनवर आपला माणूस बसव. लिहून देणारा, लीगने नेमलेला. तुझ्या नियमाला भिंती आहेत रे सगळ्या. एक दार ठेव."

पुढच्या मोसमापासून ते करायचं ठरलं. या वेळची फायनल मात्र टीमच्या हातून गेली. चौघांवरची बंदी टळली. कप्तानाने माहीत असून लपवलं, म्हणून तो एक मोसम बाहेर. ऐकून तो एवढंच म्हणाला, "तीन वर्षं आम्ही त्याच्या कानांवर जिंकलो. एक मोसम माझ्याकडून."

संध्याकाळी ससा आणि बहीण निकालाचं पत्र घ्यायला आले. पत्र वाचून सशाने ते चुरगाळलं.

"गुरुजींनीच केलं हे," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा बराच मोठा होता, त्याला ते कळत नव्हतं. "मी आत्ता जातो शाळेत. सगळ्या पोरांसमोर विचारतो त्यांना."

तो दाराकडे वळला. बाईने बहिणीकडे बघितलं. बहीण पुढे गेली, भावाचा दंड धरला आणि त्याला स्वतःकडे वळवलं.

"गुरुजी नाहीत. मी."

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. "परत बोल."

"तक्रार मी केली. फोटो मी काढला."

सशाने दंड सोडवून घेतला नाही. ओरडला नाही. त्याने फक्त डोळे मिटले.

बहीण बोलत राहिली. तुझे कान, डॉक्टर, वचन, आई असती तर. डोळे मिटलेल्या माणसापर्यंत यातलं फारसं काही पोचत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती थांबली नाही. खोलीत तिचं बोलणं पूर्ण ऐकणारी एक ऑपरेटरबाई तेवढी होती, आणि तिला तिथून कुठे जाऊ आणि कुठे नको असं झालं होतं.

फायनल दुसऱ्याच दोन टीम खेळल्या. ससा लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. कप्तानाने नव्या नियमाचा कागद त्याच्या घरी नेऊन दिला, तो सशाने वाचून परत केला.

सात महिन्यांनी लीगने लिहून देणाऱ्याची जागा भरायला काढली. आलेल्या अर्जांत बहिणीचाही अर्ज होता. मुलाखत झाल्यावर बाईने तिला थांबवून घेतलं आणि चहाचा कप पुढे केला.

"कान कसे आहेत त्याचे?"

"आहेत तसे आहेत. घसरले नाहीत, डॉक्टर खूश आहेत."

"आणि बोलतो का तुमच्याशी?"

बहिणीने कप दोन्ही हातांत धरला. "नाही. चिठ्ठ्या लिहून ठेवतो. 'उशिरा येईन.' 'जेवून आलोय.' एवढंच. परवा मी भांडी घासत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सात महिन्यांत पहिल्यांदाच बोलला, 'काही म्हणालीस का?'"

"काय म्हणाला होतात तुम्ही?"

"काहीच नाही, बाई. मी एक शब्दही बोलले नव्हते."

"मग?"

"मी म्हटलं, हो."